फाइल उघडते, पण ती खरी आहे का?

लिनक्सच्या फाइल सिस्टीमची तुलना वाचायला घेतली, की आधी आलेख समोर येतात. कोणती किती वेगाने लिहिते, कोणती किती वेगाने वाचते, हजार लहान फाइली पुसायला कोणाला किती सेकंद लागतात. कादंबरीच्या परीक्षणात ती किती तासांत वाचून होते एवढंच सांगावं, तसा हा प्रकार आहे. वेग महत्त्वाचा आहेच. पण जिचं कामच ठेवलेलं सांभाळणं आहे, तिला पहिला प्रश्न वेगळा विचारायला हवा: मी ठेवलं होतं तेच तू मला परत देते आहेस का? आणि देता येत नसेल, तर तसं सांगशील का?

माझं म्हणणं या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे. डिस्क बिघडणार, लाइन जाणार, प्रोग्राममध्ये चुका राहणार. फाइल सिस्टीमचा भरवसा ती कधी पडते की नाही यावरून ठरवू नये. बिघाड झाल्यावर ती काय बोलते, यावरून ठरवावा.

हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल, तर एक फाइल सिस्टीम आत्ता तुमच्या तळहातावर आहे. २०१०च्या अखेरीस आलेल्या नेक्सस एस फोनपासून अँड्रॉइडने ईएक्सटी४ घेतली. नंतर बऱ्याच फोनमध्ये एफ२एफएस आली, जी सॅमसंगमध्ये फ्लॅश मेमरीसाठी लिहिली गेली. फोनमध्ये ती निवडायची मुभा आपल्याला नसते. पण घरातला जुना संगणक उचलून त्यावर लिनक्स टाकायचं ठरवलं, की स्थापना करताना एक यादी येते आणि त्यातलं एक नाव निवडावं लागतं. बहुतेक जण आधीच निवडलेलं असेल तेच ठेवून पुढे जातात.

मी पवनारची. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी लागतं ते गाव. आमच्या चार-पाच जणांकडे गावातल्या घराघरांतून जमवलेला एक साठा आहे: लग्नांचे फोटो, जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंगं, जुन्या वह्यांचे स्कॅन. सगळं मिळून तीनशे जीबीसुद्धा नाही. जगाच्या हिशेबात हे काहीच नाही, पण यातल्या निम्म्या वस्तूंचं मूळ आता उरलेलं नाही. ओव्या म्हणणाऱ्या बायका गेल्या, वह्या वाळवीने खाल्ल्या. त्यामुळे ती यादी समोर आली तेव्हा पुढे जाण्याऐवजी मी थांबले आणि वाचत गेले.

पटवाऱ्याचं दप्तर

आमच्याकडे तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात. फाइल सिस्टीम समजायला पटवाऱ्याचं दप्तर फार उपयोगी पडतं. शेत म्हणजे डिस्क. सातबाऱ्यावर कोणाची जमीन, किती, कुठल्या गटात, हे लिहिलेलं असतं. शेतातली माती त्यात नसते. फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलचा असा एक उतारा असतो, त्याला आयनोड म्हणतात. फाइल कोणाची, किती मोठी, डिस्कवर कुठे पसरलेली, हे सगळं त्यात असतं. गंमत म्हणजे फाइलचं नाव त्यात नसतं. नाव फोल्डरच्या यादीत असतं आणि ती यादी उताऱ्याकडे बोट दाखवते.

लिनक्सने सुरुवातीला मिनिक्सची फाइल सिस्टीम वापरली. तिची हद्द ६४ एमबी होती, आणि नावं चौदा अक्षरांची. १९९२ साली रेमी कार यांनी 'एक्स्ट' लिहिली, १९९३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. या दुसऱ्या आवृत्तीत एक मोठी अडचण होती. फेरफार अर्धवट असताना वीज गेली, तर सातबारा एका नावावर आणि आठ-अ दुसऱ्याच्या नावावर अशी गत व्हायची. मग संगणक सुरू होताना सगळं दप्तर पहिल्या पानापासून तपासावं लागे. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणीही लांबत गेली.

त्यावरचा उपाय पटवाऱ्याला आधीपासून माहीत होता: फेरफार नोंदवही. बदल आधी त्या वहीत लिहायचा, तिथे पक्का झाला की मग सातबाऱ्यावर चढवायचा. मध्येच काही झालं तर फक्त वही पाहायची. पूर्ण झालेली नोंद पुढे न्यायची, अर्धवट असेल ती सोडून द्यायची. या वहीला जर्नल म्हणतात. स्टीफन ट्वीडी यांनी ते काम केलं आणि २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ईएक्सटी३ मुख्य कर्नलमध्ये आली.

डिसेंबर २००८ मध्ये कर्नल २.६.२८ सोबत ईएक्सटी४ पक्की म्हणून जाहीर झाली. तिने तुकडेबंदी आणली असं म्हणता येईल. पूर्वी मोठ्या फाइलच्या प्रत्येक तुकड्याचा वेगळा पत्ता लिहावा लागे. आता 'इथपासून सलग इतके' अशी एकच नोंद पुरते. जागा नेमायचं कामही तिने लांबणीवर टाकलं. लिहायचं आधी मेमरीत साठवायचं, एकूण किती आहे ते कळलं की मग सलग जागा शोधायची.

करार आणि समजूत

या लांबणीवर टाकण्यावरून २००९ मध्ये वाद झाला, आणि फाइल सिस्टीमच्या समीक्षेत मला तो सगळ्यात शिकवणारा वाटतो. उबंटूची येणारी आवृत्ती वापरून पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं, की संगणक अचानक बंद पडला की काही फाइली शून्य लांबीच्या होतात. नाव जागच्या जागी, आत काही नाही. डेस्कटॉपचे प्रोग्राम आपल्या सेटिंगची फाइल नव्याने लिहून जुनीच्या जागी ठेवत. ईएक्सटी३ मध्ये मजकूर साधारण पाच सेकंदांत डिस्कवर जायचा, तोही नावाच्या नोंदीच्या आधी. ईएक्सटी४ मध्ये नावाची नोंद आधी पक्की व्हायची आणि मजकूर मेमरीतच राहायचा. त्या फटीत वीज गेली, की नवी फाइल रिकामी आणि जुनी गेलेली.

ईएक्सटी४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांचं उत्तर साधं होतं: मजकूर डिस्कवर गेलाच पाहिजे असं वाटत असेल, तर प्रोग्रामने 'एफसिंक' ही विनंती करावी, तशी न करता हमी मागू नये. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबर होते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं, की गेली कित्येक वर्षं हे चालत होतं आणि आम्ही त्यावर विसंबून होतो.

मला वाटतं दोन्ही बाजू ज्याच्याबद्दल भांडत होत्या, तो माणूस वादात नव्हताच. ज्याची फाइल रिकामी झाली त्याने ना नियम वाचले होते, ना प्रोग्राम लिहिला होता. चांगल्या रचनेने नुसता करार पाळून भागत नाही. लोकांच्या मनात करार काय आहे, तेही तिला पाहावं लागतं. त्सो यांनी ते पाहिलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. वाद घालत असतानाच त्यांनी दुरुस्त्या तयार केल्या आणि कर्नल २.६.३० पासून ईएक्सटी४ अशा जागा ओळखून मजकूर आधी लिहू लागली. आज ती जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या फाइल सिस्टीमपैकी एक आहे आणि तिची ख्याती 'कंटाळवाणी' अशी आहे. या क्षेत्रात याहून मोठी स्तुती नाही.

पण एफसिंकची विनंती तरी खरी होती का? २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्यांना दिसलं, की डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती एकदा कळवतं आणि न लिहिलेला मजकूर 'लिहिला' असं समजून पुढे जातं. पुन्हा विचारलं तर उत्तर येतं: सगळं ठीक. पोस्टग्रेसने अखेर असं ठरवलं, की एकदा नकार आला की पुन्हा विचारायचं नाही. स्वतःला बंद करायचं आणि आपल्या नोंदवहीतून पुन्हा उभं राहायचं. ही कोणा एका फाइल सिस्टीमची गोष्ट नव्हती. बिघाडानंतर गप्प बसण्याची सवय खोलवर मुरलेली आहे, एवढं मात्र तिच्यातून कळतं.

आजीच्या ओव्या

त्या सवयीची किंमत आमच्या साठ्यातही दिसते. माझ्या आजीने म्हटलेल्या ओव्यांचं २०१४ चं एक रेकॉर्डिंग मामेभावाच्या डिस्कवर होतं. सत्तेचाळीस मिनिटांचं. एकोणिसाव्या मिनिटाला कापड फाटल्यासारखा आवाज येतो, काही क्षण तसाच चालतो, आणि पुढे आजी मधूनच कुठल्या तरी ओवीत असते. फाइलचं नाव तेच, आकार तोच, तारीख तीच. आमच्याकडे तिच्या तीन प्रती होत्या. तिन्हींत तोच आवाज, कारण तिन्ही त्या डिस्कवरूनच नंतर केलेल्या. मामेभावाचा प्रश्न अगदी रास्त होता: "उघडते तं खरी ना ताई, मंग खराब काहून म्हणते?"

डिस्कवर ईएक्सटी४ होती आणि तिने तिचं काम नीट केलं होतं. जर्नल शाबूत, दप्तर शाबूत. २०१२ पासून ईएक्सटी४ मध्ये दप्तराच्या पानांसाठी मोजणीचे आकडे ठेवायची सोयही आहे, म्हणजे सातबारा कोणी खराब केला तर कळतं. पण शेतात काय उभं आहे, ते पाहायला पटवारी जात नाही. त्याला ते काम नेमूनच दिलेलं नाही.

डिस्क स्वतःही चुका पकडते आणि दुरुस्त करते, त्यामुळे असा प्रकार रोज होत नाही. तरी केबल, मेमरी, डिस्कच्या आतला प्रोग्राम यांपैकी कुठेतरी एखादा बिट उलटतो आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. नुकसानीपेक्षा मला खटकतं ते हे, की ते कधी झालं तेच कळत नाही. वेळीच कळलं असतं, तर तेव्हा कुठेतरी चांगली प्रत सापडली असती.

एक्सएफएस या बाबतीत ईएक्सटी४ च्याच रांगेत बसते, फक्त बांधा वेगळा. सिलिकॉन ग्राफिक्सने ती १९९३ पासून आपल्या मोठ्या यंत्रांसाठी घडवली, २००१ मध्ये ती लिनक्सवर आली आणि २०१४ मध्ये रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीने तिला पहिली पसंती दिली. प्रचंड फाइली आणि एकाच वेळी लिहिणारे अनेक हात तिला सहज पेलतात. दप्तरात गडबड दिसली तर ती पुढे रेटत नाही, काम थांबवते. हा गुण मला आवडतो. मात्र एकदा दिलेली जागा तिला सहसा लहान करता येत नाही, आणि फाइलींच्या आतल्या मजकुराची मोजणी तीही ठेवत नाही.

दृष्टम्

मजकूर ठेवताना त्याची खूणही ठेवावी, हा विचार संगणकाहून फार जुना आहे. आमचं पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. त्यावर वाद आहेत. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने इथे उत्खननही केलं. प्रवरपुराहून दिलेला द्वितीय प्रवरसेनाचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकला सापडला. वाकाटकांच्या अशा ताम्रपटांच्या आरंभी बरेचदा एक शब्द येतो: दृष्टम्. पाहिलं, तपासलं. पत्रे एका कडीत ओवलेले आणि कडीला राजमुद्रा. मधलं एखादं पान बदलायचं तर कडी तोडावी लागेल.

सन मायक्रोसिस्टीम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरन्स यांनी २००१ पासून घडवलेल्या झेडएफएसचा गाभा हाच आहे. डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्याची एक मोजणी काढली जाते, आणि ती त्या तुकड्याशेजारी ठेवत नाहीत. त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या नोंदीत ठेवतात. त्या नोंदीची मोजणी तिच्याही वर. असं करत शेंड्यापर्यंत. नुसता 'दृष्टम्' शब्द खोट्या पत्र्यावरही कोरता येतो. इथे मात्र पत्रा आणि त्याची साक्ष वेगवेगळ्या जागी आहेत. वाचताना मोजणी जुळली नाही तर ती तो तुकडा देत नाही, आणि दुसरी प्रत असेल तर तिच्यावरून पहिली दुरुस्त करते.

दुसरी गोष्ट, ती जुन्या मजकुरावर खोडून लिहीत नाही. नवं नव्या जागी लिहायचं आणि सगळं झाल्यावर शेंड्याची एक नोंद बदलायची. त्यामुळे अर्धवट अशी अवस्थाच उरत नाही. जुनी पानं पुसली जात नसल्याने कालचं दप्तर जसंच्या तसं राखून ठेवणं, म्हणजे स्नॅपशॉट, जवळजवळ फुकट मिळतं.

ही रचना लिनक्सवर आणण्याच्या कहाणीत पुण्याचं एक पान आहे. सनने २००५ मध्ये झेडएफएस खुली केली, पण तिचा परवाना लिनक्सच्या परवान्याशी जुळणारा नव्हता, त्यामुळे ती कर्नलच्या आत जाऊ शकत नव्हती. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने आपल्या महासंगणकांसाठी तिचा खालचा भाग लिनक्सवर चालवून घेतला होता. साध्या फाइली आणि फोल्डर दाखवणारा वरचा थर मात्र नव्हता. २०१० मध्ये पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या लहानशा कंपनीने त्या पायावर तो थर चढवला आणि २०११ च्या आरंभी लोकांना वापरायला दिला. पुढे ती कंपनी एका अमेरिकी कंपनीने घेतली, आणि मुख्य प्रवाह लिव्हरमोरच्याच कोडमधून वाहत राहिला. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१३ मध्ये आली. तरीही लिनक्सवर झेडएफएसमध्ये साधी फाइल ठेवून पाहणाऱ्या सुरुवातीच्या काही लोकांच्या हातात पुण्याचं काम होतं, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

लिनक्सच्या घरातच असं काही हवं, म्हणून ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ओरॅकलमध्ये असताना बटर-एफएस सुरू केली. कोणी बेटर-एफएस म्हणतं. २००९ मध्ये ती कर्नलमध्ये आली. मोजणी, स्नॅपशॉट, खोडून न लिहिणं, सगळं तिच्यात आहे, आणि परवान्याचं भांडण नाही.

खरं बोलणाऱ्यांचे दोष

इथपर्यंत वाचून वाटेल की निकाल लागला. तसं नाही. बटर-एफएसने सुरुवातीची अनेक वर्षं लोकांचा विश्वास घालवण्यात खर्च केली. जागा शिल्लक दिसत असताना 'जागा नाही' म्हणून अडून बसणं ही तिची बदनाम खोड होती. तीन-चार डिस्क एकत्र करून जागा वाचवणाऱ्या रेड-५ आणि रेड-६ या पद्धती तिच्यावर वापरू नका, असा सल्ला अजूनही दिला जातो. रेड हॅटने २०१७ मध्ये तिच्यावरून हात काढायचं जाहीर केलं आणि आठव्या आवृत्तीतून तिला वगळलं. त्याच काळात सुसेने तिला मुख्य ठेवलं, आणि २०२० मध्ये फेडोराने डेस्कटॉपसाठी तिलाच निवडलं. एकाच वस्तूबद्दल जाणत्या लोकांची एवढी उलटी मतं असतात, तेव्हा वस्तूइतकंच 'ती वापरणार कुठे' हेही पाहावं लागतं. एक किंवा दोन डिस्कच्या घरगुती मांडणीत ती आज नीट चालते.

खरं बोलण्यालाही एक क्रूर बाजू आहे. डिस्क एकच असेल आणि चार केबीचा एक तुकडा बिघडला, तर ईएक्सटी४ तुम्हाला डाग पडलेला फोटो दाखवेल. बटर-एफएस म्हणेल, हा भाग वाचता येत नाही. काही प्रोग्राम मग तो फोटो उघडतच नाहीत. ज्याच्याकडे दुसरी प्रत नाही, त्याला डाग पडलेला का होईना, वडिलांचा चेहरा हवा असतो. मोजणी बाजूला ठेवून वाचू देणारी वाट बटर-एफएसमध्ये आहे, पण ती माहीतगारालाच सापडते. हा दोष रचनेपेक्षा बोलण्याच्या पद्धतीचा आहे. खरं सांगावं, पण ऐकणाऱ्याच्या हातात काय उरतं तेही सांगावं.

सगळ्यात बोधक चूक झेडएफएसची आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उघड झालं, की नुकतीच लिहिलेली फाइल लगेच कॉपी केली, तर क्वचित प्रसंगी झेडएफएस कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला 'इथे रिकामी जागा आहे' असं चुकीचं सांगते. प्रोग्राम ती जागा सोडून पुढे जातो आणि नव्या प्रतीत तिथे शून्यं राहतात. मूळ फाइल ठीक, प्रत खोटी, आणि त्या खोट्या प्रतीची मोजणी अगदी बरोबर! दोष कित्येक वर्षं आत दडून होता. काही दिवसांत दुरुस्ती आली. पण यातून मोजणीची मर्यादा लख्ख दिसते. मला जे दिलं गेलं तेच मी परत देत आहे, एवढंच ती सांगते. दिलेलं खरं होतं का, हे तिला माहीत नसतं.

दोन वऱ्हाड

इंग्रजी तुलनांमध्ये सहसा न येणारी एक कसोटी आपल्या कामाची आहे: नावं. ईएक्सटी४, एक्सएफएस, बटर-एफएस या तिघींत एका नावाची हद्द २५५ बाइटची. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'पवनार' पंधरा बाइटांचं. म्हणजे इंग्रजीला २५५ अक्षरं आणि आपल्याला फार तर ८५ चिन्हं. स्कॅन केलेल्या वहीला 'अमक्या आजींच्या वहीतील हळदीच्या ओव्या, पाने अमुक ते तमुक' असं नाव द्यायला गेलं, की भिंत लागते.

याहून बिकट गोष्ट 'वऱ्हाड' या शब्दात आहे. आमच्या शेजारचा मुलूख, तेव्हा हे नाव साठ्यात वारंवार येतं. त्यातला अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो: 'ऱ' हे एकच चिन्ह घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा एक जोडक वर्ण घेऊन. पडद्यावर एकच शब्द दिसतो. पण लिनक्सच्या फाइल सिस्टीम नाव वाचत नाहीत, बाइट मोजतात. पहिल्या प्रकारचा वऱ्हाड अठरा बाइटांचा, तिसऱ्या प्रकारचा एकवीस. त्यामुळे एकाच जागी दोन 'वऱ्हाड' फोल्डर शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि एकात शोधलेलं दुसऱ्यात असतं.

झेडएफएसमध्ये सुरुवातीलाच ठरवलं तर नावांची तुलना युनिकोडच्या नियमांनी करता येते. ईएक्सटी४ मध्ये २०१९ पासून निवडक फोल्डरांपुरती अशी सोय आहे. या नियमांनी पहिले दोन प्रकार एक मानले जातात. झेडएफएसमध्ये तिसरा, अदृश्य जोडकाचा, बाहेरच राहतो. युनिकोडच्या लेखी तो वेगळाच शब्द आहे. बाइटांशी प्रामाणिक राहणं हा एक प्रामाणिकपणा झाला, पण वाचणाऱ्याला एक दिसतं आणि आत दोन असतात, हेही एक प्रकारचं खोटंच. यावर आम्ही केलेला उपाय साधा: फाइलींना लहान, क्रमांकाची नावं आणि पूर्ण मराठी वर्णन एका वेगळ्या सूचीत.

सांभाळणारे हात

रचना कितीही चांगली असो, तिच्यामागे माणसं नसतील तर ती टिकत नाही. रायझर-एफएस ही २००१ च्या जानेवारीत मुख्य कर्नलमध्ये आलेली पहिली जर्नलवाली फाइल सिस्टीम. ईएक्सटी३ च्याही आधी. लहान फाइलींच्या बाबतीत ती हुशार होती. २००५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम बिघाड घडवून फाइल सिस्टीम तपासल्या, तेव्हा ईएक्सटी३ लिहिण्यातल्या काही चुका चक्क दुर्लक्षित करताना सापडली. रायझर-एफएस मात्र अशा वेळी सगळं थांबवत होती. माझ्या कसोटीवर ती वरचढ. पण तिचा कर्ता खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, सांभाळणारे पांगले, आणि २०२५ मध्ये ती कर्नलमधून काढली गेली. बीकॅश-एफएसची कथा तर ताजी आहे. जानेवारी २०२४ मध्ये मोठ्या अपेक्षेने कर्नलमध्ये आली. तिचा कर्ता आणि कर्नलचे इतर लोक यांचं कामाच्या पद्धतीवरून जमलं नाही, आणि २०२५ मध्ये ती बाहेर गेली. दहा वर्षांनी वाचायचं काही ठेवणाऱ्याने हेही परीक्षणात धरायला हवं.

छंद आणि शिळा

वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. १९८० मध्ये विनोबांच्याच हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मूर्ती नाही, उभ्या शिळांवर गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. शिळा पाहिली की वाटतं, याहून टिकाऊ साठवण कुठली? पण समजा एका शिळेवरचं अक्षर उडालं. तर ते कशावरून दुरुस्त होईल? १९३२ पासून छापल्या गेलेल्या त्या खिशात मावणाऱ्या पुस्तकावरून, किंवा पाठ असलेल्या एखाद्या बाईच्या तोंडून. आणि अक्षर उडालं हे कळेल कसं? छंदावरून. आठ अक्षरांच्या चरणात सातच भरली, की कान अडखळतो. छंद ही मोजणीच आहे. काहीतरी गळालं हे तो सांगतो. काय गळालं, ते दुसऱ्या प्रतीलाच विचारावं लागतं.

फाइल सिस्टीमबद्दल माझा निकाल यातच आला. रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर ईएक्सटी४ असावी. तिचा कंटाळवाणेपणा तिथे गुणच आहे. मोठ्या व्हिडिओंच्या आणि डेटाबेसच्या यंत्रावर एक्सएफएस. रचना म्हणून झेडएफएस सगळ्यांत सरस, आणि जिथे कोणी जाणतं माणूस कायम हाताशी आहे तिथे तीच घ्यावी. पण कर्नल बदललं की ती पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि आमच्या गावात ते करणारं माणूस कायम असेलच असं नाही. म्हणून साठ्यासाठी आम्ही बटर-एफएस घेतली: दोन डिस्क, प्रत्येक तुकडा दोन्हींवर. दर महिन्याला तिला सगळं वाचून मोजणी जुळवायला सांगायचं आणि ती काय म्हणाली ते वहीत लिहायचं. तिसरी प्रत नागपूरला, वेगळ्या फाइल सिस्टीमवर, म्हणजे एकीत दोष निघाला तर दुसरी त्यात सापडणार नाही. सोबत प्रत्येक फाइलच्या मोजणीची एक साधी यादी, जी कुठल्याही फाइल सिस्टीमवर तपासता येते.

एकोणिसाव्या मिनिटाला आजी काय म्हणत होती, ते यातल्या कशानेही परत येणार नाही. त्या ओव्या पाठ असलेलं कोणी पंचक्रोशीत अजून असेल, तर तिच्याकडूनच ती जागा भरता येईल. आणि तिने म्हटलेलं ज्या दिवशी ठेवून घेऊ, त्या दिवसापासून ते बिघडलं तर निदान आम्हाला कळेल.